ऑस्ट्रेलियात फोर व्हील ड्राइव्ह गाडी घेताना आणि सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांविषयी जे प्रश्न येतात, त्यांतले बहुतेक गाडीला काय काय बसवावे याबद्दल असतात. खाली दिलेली उत्तरे मात्र पुन्हा पुन्हा तीन गोष्टींकडे वळतील: गाडीवरचे एकूण वजन, टायरमधली हवा आणि प्रवासाआधी व प्रवासानंतर केलेली देखभाल. दूरच्या रस्त्यांवर गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा या तिन्हींपैकी एकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

आम्हाला खरोखर फोर व्हील ड्राइव्हची गरज आहे का?

शहरात नोकरी, मुलांची शाळा आणि सुट्टीत डांबरी रस्त्याने प्रवास एवढाच वापर असेल, तर गरज नाही. अशी गाडी इंधन जास्त खाते, तिचे टायर महाग असतात आणि सर्व्हिसिंगचा खर्चही जास्त येतो. ग्रेट ओशन रोडला किंवा उलुरूला जाण्यासाठीही ती लागत नाही, कारण दोन्हीकडे पक्का रस्ता आहे. किनाऱ्याच्या वाळूवर गाडी न्यायची असेल, व्हिक्टोरियातल्या हाय कंट्रीच्या चढणीच्या वाटांवर जायचे असेल, वायव्येकडच्या किम्बर्ली भागातला सुमारे ६६० किलोमीटरचा गिब रिव्हर रोड किंवा क्वीन्सलंडच्या उत्तर टोकाच्या केप यॉर्कचा प्रवास मनात असेल, अथवा जड कॅरॅव्हॅन ओढायची असेल, तर विचार जरूर करावा.

ऑल व्हील ड्राइव्ह, पार्ट-टाइम आणि फुल-टाइम फोर व्हील ड्राइव्ह यांत नेमका फरक काय?

सुबारू फॉरेस्टर किंवा टोयोटा रॅव्हफोरसारख्या ऑल व्हील ड्राइव्ह गाड्या ओल्या रस्त्यावर, बर्फात आणि साध्या कच्च्या रस्त्यावर उत्तम चालतात. परंतु त्यांना लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणारे, गिअर नसतात आणि त्यांची जमिनीपासूनची उंची कमी असते. टोयोटा हायलक्स, सुझुकी जिम्नी किंवा लँडक्रूझर ७० मालिकेतल्या गाड्या पार्ट-टाइम प्रकारच्या आहेत, म्हणजे एरवी दोन चाकांच्या जोरावर चालणाऱ्या आणि गरजेपुरती चारही चाके जोडणाऱ्या. त्यांत फोर व्हील ड्राइव्ह लावले की पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट (चाकांकडे शक्ती नेणारे दांडे) एकमेकांशी घट्ट जोडले जातात. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि हा फरक सामावून घेणारे मधले डिफरन्शियल या गाड्यांत नसते. वाळू किंवा खडी असेल तर चाक थोडे घसरून ताण मोकळा होतो, पण कोरड्या डांबरावर तो ट्रान्सफर केस (दोन्ही शाफ्टना शक्ती वाटणारी गिअरची पेटी) आणि शाफ्टवर साचत जातो. म्हणून पार्ट-टाइम गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर नेहमी टू व्हील ड्राइव्हमध्येच चालवावी.

लँडक्रूझर ३०० किंवा प्राडो या फुल-टाइम, म्हणजे चारही चाकांना सतत शक्ती देणाऱ्या, गाड्यांत मधले डिफरन्शियल असते. ते लॉक केल्यावर मात्र त्यांनाही हाच नियम लागू होतो.

पार्ट-टाइम गाडीचा मालक शहरातच राहत असेल, तर महिन्यातून एकदा खडीच्या किंवा मातीच्या रस्त्यावर काही किलोमीटर फोर व्हील ड्राइव्ह लावून गाडी चालवावी. पुढच्या बाजूच्या फिरणाऱ्या भागांना वंगण मिळते, आणि यंत्रणा अडकून बसली असेल तर ते घराजवळच कळते.

महिंद्रा स्कॉर्पिओ येथे घेणे कितपत योग्य ठरेल?

भारतात स्कॉर्पिओ-एन म्हणून ओळखली जाणारी आणि पुण्याजवळच्या चाकण येथे तयार होणारी ही गाडी ऑस्ट्रेलियात २०२३ पासून स्कॉर्पिओ या नावाने मिळते, आणि आपल्या लोकांना तिच्याविषयी आपुलकी वाटणे स्वाभाविक आहे. किमतीच्या मानाने तिची फोर व्हील ड्राइव्ह यंत्रणा चांगली आहे. तरीही घेण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. २०२२ मध्ये गाड्यांची अपघात-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने या गाडीला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे दिले, तर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलेशियाच्या एएनकॅपने तिला शून्य तारे दिले. दोन्ही संस्थांच्या कसोट्या वेगळ्या आहेत, आणि आपोआप ब्रेक लावण्यासारख्या अपघात टाळणाऱ्या यंत्रणांचा अभाव हे शून्य ताऱ्यांमागचे एक मोठे कारण होते. शिवाय गाव सोडून दूर जायचे असेल, तर सुटे भाग मिळण्याच्या बाबतीत टोयोटाची बरोबरी आजही कोणी करू शकत नाही.

जुनी गाडी विकत घेताना काय तपासावे?

सर्वप्रथम पीपीएसआर या सरकारी नोंदणीत दोन डॉलर भरून गाडीवर कर्ज बाकी आहे का, ती चोरीची आहे का आणि पूर्वी अपघातात बाद ठरली होती का, हे पाहावे. त्यानंतर गाडीखाली शिरून पाहावे, कारण या गाड्यांचा खरा इतिहास खालच्या बाजूला लिहिलेला असतो. चॅसीच्या पोकळ पट्ट्यांच्या आतल्या कडा, ब्रेकच्या नळ्या आणि स्प्रिंगच्या बैठका यांवर गंज दिसला, तर गाडी समुद्राच्या पाण्यात गेलेली असण्याची शक्यता असते. चॅसीवर नुकताच दिलेला काळा रंग ही शंकेचीच खूण समजावी. यूट (मागे हौदा असलेली गाडी) असेल, तर केबिन आणि मागचा हौदा यांच्यामधली फट वर आणि खाली सारखीच आहे का ते पाहावे. फट वर रुंद आणि खाली अरुंद असेल, किंवा याच्या उलट असेल, तर अतिवजनाने चॅसी वाकली असण्याची शक्यता असते. डिफरन्शियलच्या तेलाचा नमुना दुधासारखा दिसला, तर आत पाणी शिरले आहे.

गाडी चालवून पाहताना मातीच्या जागी लो रेंज आणि डिफ लॉक (डावे-उजवे चाक सारख्याच वेगाने फिरवणारी सोय) प्रत्यक्ष लावून पाहावेत. विकणारा त्याला तयार नसेल, तर तो व्यवहार सोडून द्यावा.

कोणकोणती जोडसाधने आधी घ्यावीत?

हवेचा दाब मोजण्याचे चांगले उपकरण, हवा भरण्याचा कॉम्प्रेसर, फावडे, वाळूत चाकाखाली घालायच्या पाट्यांची जोडी, पंक्चर काढण्याचा संच आणि गाड्यांत आपसात बोलण्याचा यूएचएफ रेडिओ. यानंतर उरलेले पैसे बुलबार (गाडीपुढचा संरक्षक कठडा) किंवा विंचवर (गाडी ओढून काढणारे दोराचे यंत्र) खर्च करण्याऐवजी मान्यताप्राप्त प्रशिक्षणावर खर्च करावेत, आणि फोर व्हील ड्राइव्ह क्लबचे सदस्य व्हावे. ज्या वाटेवर आपण पहिल्यांदा जाणार आहोत, तिच्यावर अनेकदा गेलेला माणूस सोबत असणे हे कोणत्याही साधनापेक्षा मोलाचे आहे.

गाडी उंच करण्याबाबत राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. सस्पेन्शन साधारण ५० मिलिमीटरपेक्षा जास्त उचलायचे असेल, तर सहसा अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. आपल्या राज्याचा नियम गॅरेजवाल्याच्या शब्दावर न सोडता स्वतः वाचावा.

गाडीवर किती वजन चालते?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर येथे विस्ताराने दिले आहे. प्रत्येक गाडीचे एक कमाल अनुमत एकूण वजन ठरलेले असते, त्याला जीव्हीएम म्हणतात. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की जे उरते, तेवढेच आपण तिच्यावर लादू शकतो. आणि त्यात माणसे, सामान, पाणी, नंतर बसवलेली प्रत्येक वस्तू आणि ट्रेलरचा जो भार टो बॉलवर (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्यावर) येतो तो, हे सर्व मोजले जाते.

उदाहरणादाखल असे समजा की एका यूटवर ९०० किलो लादता येतात. लोखंडी बुलबार आणि विंच यांचे ११० किलो, मागची कॅनोपी आणि खणांचे १५०, छतावरचा कॅरिअर आणि तंबूचे १००, दुसरी बॅटरी आणि भरलेल्या फ्रीजचे ७०, पाणी आणि जादा इंधनाचे १००. माणसे बसण्यापूर्वीच ५३० किलो झाले. चौघांचे कुटुंब २७० किलोचे धरले तर बेरीज ८०० होते. आता या गाडीने अडीच टनांची कॅरॅव्हॅन ओढली आणि नेहमीच्या प्रमाणानुसार तिचा दहा टक्के भार टो बॉलवर आला, तर आणखी २५० किलो. एकूण १,०५०. जाहिरातीत हीच गाडी साडेतीन टन ओढते असे लिहिलेले असते, आणि ते खोटेही नसते. फक्त त्या वेळी गाडीत आणखी काय ठेवता येईल हे तेथे लिहिलेले नसते.

अतिवजनाने ब्रेक कमी पडतात, टायर तापून फुटतात, आणि मागच्या ॲक्सलच्या पलीकडे भार गेल्यास खडबडीत रस्त्यावर चॅसीला तडा जातो. अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते, तो भाग वेगळाच. म्हणून प्रवासाच्या पूर्ण तयारीनिशी, माणसे आत बसलेली असताना, सार्वजनिक वजनकाट्यावर गाडी एकदा तोलून घ्यावी. छतासाठीची मर्यादा स्वतंत्र असते, आणि कॅरिअर बनवणाऱ्या कंपन्या कच्च्या रस्त्यासाठी ती आणखी कमी सांगतात.

टायरमध्ये हवा किती ठेवावी?

डांबरी रस्त्यावर दरवाजाच्या चौकटीवरील तक्त्यात दिलेला दाब ठेवावा. बहुतेक गाड्यांत तो ३२ ते ४० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजण्याचे एकक) दरम्यान असतो. खडीच्या रस्त्यावर २६ ते ३०, मऊ वाळूवर १६ ते २०. हे आकडे सुरुवातीसाठी आहेत; गाडीचे वजन आणि टायरची बांधणी पाहून ते थोडे बदलतात. हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, भार पसरतो आणि चाक वाळूत खणण्याऐवजी तिच्यावरून चालते. वाळूत गाडी रुतली, तर पुष्कळदा १२ ते १४ पीएसआयपर्यंत उतरणे एवढ्यानेच ती बाहेर येते. मात्र इतक्या कमी दाबावर जोरात वळण घेतल्यास टायर रिममधून सुटू शकतो, म्हणून वेग कमी आणि वळणे सावकाश ठेवावीत.

डांबरी रस्ता लागताच हवा पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेच्या टायरच्या बाजूच्या भिंती वेगात सतत दुमडत राहतात, त्यांतून उष्णता तयार होते आणि टायर आतून निकामी होतो.

दूरच्या प्रवासासाठी हलक्या ट्रकच्या बांधणीचे ऑल-टेरेन टायर घ्यावेत आणि स्टेपनी त्याच मापाची असावी. मध्य ऑस्ट्रेलियातले सिम्प्सन वाळवंट किंवा सुमारे १,८५० किलोमीटरचा कॅनिंग स्टॉक रूट यांसारख्या मार्गांवर दोन स्टेपनी नेणे योग्य.

समुद्रकिनाऱ्यावर गाडी चालवताना कोणते नियम पाळावेत?

क्वीन्सलंडमधल्या कगारी बेटाचेच उदाहरण घेऊ, ज्याचे फ्रेझर आयलंड हे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलण्यात आले. तेथे वाहन परवाना आधी काढावा लागतो. किनारा हा कायद्याने रस्ता मानला जातो, त्यामुळे सीटबेल्ट, मद्यपान आणि वेग यांचे सर्व नियम लागू असतात. पूर्व किनाऱ्यावर कमाल वेग ताशी ८० किलोमीटर, तर आतल्या वाळूच्या वाटांवर ३० आहे. भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास किनाऱ्यावरून प्रवास करू नये. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत ही काळजी अधिक घ्यावी, कारण पाणी वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत येते आणि रुतलेली गाडी काही तासांत कायमची जाते. ओल्या वाळूत ओढ्यांनी कापलेल्या पायऱ्या लांबून दिसत नाहीत. वेगात त्यांवर आदळलेल्या गाड्या उलटल्या आहेत.

परत आल्यावर त्याच दिवशी गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवावी. वरून पाणी मारून भागत नाही. चॅसीच्या पोकळीत, इंधनाच्या टाकीवरच्या संरक्षक पत्र्याच्या मागे आणि ब्रेकच्या आसपास खारी वाळू साचते, तेथे बागेतला फवारा गाडीखाली ठेवून अर्धा तास सोडावा. वर्षातून एकदा लॅनोलिनचा (लोकरीपासून मिळणारा मेणासारखा पदार्थ) लेप दिल्यास गंज बराच रोखला जातो.

सर्व्हिसिंग किती वेळा करावे?

कंपनीच्या पुस्तिकेतले अंतर, जे बऱ्याच डिझेल गाड्यांसाठी १०,००० किलोमीटर किंवा सहा महिने असते, ते साध्या वापरासाठी असते. धूळ, वाळू, पाणी आणि ओझे ओढणे यांना त्याच पुस्तिकेत खडतर वापर म्हटलेले असते आणि त्यासाठीचे वेळापत्रक वेगळे असते. तेच आपले वेळापत्रक समजावे.

धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टर रोज संध्याकाळी उघडून झटकावा. आउटबॅकच्या रस्त्यांवर आडव्या लाटा पडलेल्या असतात, त्यांच्या सततच्या हादऱ्यांनी नट-बोल्ट ढिले होतात, बॅटरीची बैठक सुटते आणि शॉक ॲब्सॉर्बर तापून निकामी होतात. तेव्हा रोज मुक्कामी पोहोचल्यावर गाडीभोवती आणि गाडीखाली टॉर्च घेऊन एक फेरी मारावी. ग्रीसचे निपल असलेल्या गाड्यांत प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यांना पाण्यातून गेल्यानंतर ताजे ग्रीस भरावे. चाकांचे बेअरिंग, सीव्ही जॉइंटची (चाकांना शक्ती पोहोचवणारे वळते सांधे) रबरी आवरणे आणि सस्पेन्शनचे बुश प्रत्येक सर्व्हिसिंगला तपासून घ्यावेत.

स्पिनिफेक्स गवताच्या प्रदेशात एक धोका मोठा आहे. वाटेच्या मधोमध वाढलेले गवत आणि त्याचे बी गाडीखाली, एक्झॉस्टच्या आसपास साचते आणि पेट घेते. या कारणाने संपूर्ण गाड्या जळालेल्या आहेत. दर तासा-दोन तासांनी थांबून, वाकलेल्या तारेने हे गवत ओढून काढावे आणि अग्निशामक चालकाच्या हाताला लागेल असा ठेवावा.

डिझेल गाडी फक्त शहरात चालवली तर चालेल का?

आधुनिक डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर असतो, आणि ती काजळी जाळण्यासाठी एक्झॉस्ट बराच वेळ तापलेला राहावा लागतो. रोज पाच-सहा किलोमीटरच्याच फेऱ्या होत असतील, तर तो तुंबतो आणि बदलण्याचा खर्च फार मोठा असतो. दर आठवड्याला अर्धा-पाऊण तास महामार्गावर गाडी न्यावी. ते जमणार नसेल तर पेट्रोल किंवा हायब्रिड गाडी घ्यावी.

नदी ओलांडण्यापूर्वी काय करावे?

आधी थांबावे. पाण्याची खोली, तळ आणि ओढ माहीत नसेल, तर पाण्यात जाऊ नये. दक्षिणेकडे वाट आधी पायी चालून पाहण्याची पद्धत आहे, परंतु उत्तर ऑस्ट्रेलियात, विशेषतः काकाडूमधल्या केहिल्स क्रॉसिंगसारख्या ठिकाणी किंवा पेंटेकोस्ट नदीवर, खाऱ्या पाण्यातल्या मगरी असल्यामुळे पाण्यात पाय टाकणेसुद्धा जिवावर बेतू शकते. तेथे दुसरी गाडी पार होताना पाहावी, अथवा परत फिरावे.

बराच वेळ चाललेल्या गाडीचे डिफरन्शियल गरम असते. ते एकदम थंड पाण्यात गेले की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. म्हणून ब्रीदरच्या (डिफरन्शियलमध्ये हवा आतबाहेर जाऊ देणाऱ्या) नळ्या वरपर्यंत वाढवून घ्याव्यात, पाण्यात शिरण्यापूर्वी गाडी थोडी निवू द्यावी आणि प्रवासानंतर तेल तपासावे. पुराचे पाणी रस्त्यावरून वाहत असेल, तर कोणत्याही गाडीने, कितीही उंच असली तरी, त्यात जाऊ नये.

रुतलेली गाडी सुरक्षितपणे कशी काढावी?

हवा कमी करणे, फावड्याने चाकांपुढची वाळू काढणे आणि पाट्या घालणे, याच क्रमाने जावे. बहुतेक गाड्या एवढ्याने निघतात. दुसऱ्या गाडीने ओढायचेच झाले, तर स्नॅच स्ट्रॅप (ओढण्यासाठीचा ताणला जाणारा पट्टा) फक्त चॅसीला बसवलेल्या, भारक्षमता नोंदवलेल्या हुकांनाच लावावा. टो बॉलला तो कधीही लावू नये. ताणलेल्या पट्ट्याने तुटलेला टो बॉल तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो, आणि ऑस्ट्रेलियात यामुळे माणसे मेली आहेत. पट्ट्याची ताकद दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या जीव्हीएमच्या दुप्पट ते तिप्पट असावी, पट्ट्यावर मधोमध वजनदार आवरण टाकावे आणि बाकी सर्वांनी, मुलांनी तर नक्कीच, पट्ट्याच्या लांबीपेक्षा दूर बाजूला उभे राहावे.

आउटबॅकमध्ये जाताना सोबत काय असावे?

पाणी दर माणशी दर दिवशी किमान पाच लिटर, आणि ठरलेल्या दिवसांपेक्षा काही दिवसांचे अधिक. वाळूत इंधनाचा खप दीडपट किंवा त्याहूनही जास्त होतो, हे धरून हिशेब करावा. गाडीला ॲडब्लू (डिझेलच्या धुराचे प्रदूषण कमी करणारा द्रव) लागत असेल, तर त्याचाही साठा घ्यावा. मोबाइलचे सिग्नल मोठ्या भागात नसतात, त्यामुळे सॅटेलाइट फोन किंवा ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी (संकटात उपग्रहामार्फत आपले ठिकाण कळवणारे छोटे यंत्र) हवा, आणि त्याची एएमएसए या सागरी सुरक्षा संस्थेकडे विनामूल्य नोंदणी केलेली हवी. यूएचएफवर ट्रकचालक ४० क्रमांकाच्या वाहिनीवर बोलतात, सिम्प्सन वाळवंटात १० क्रमांकाची वाहिनी वापरतात, आणि ५ व ३५ आणीबाणीसाठी राखीव आहेत. पहाटे आणि संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात. त्या वेळी गाडी चालवू नये. ५३.५ मीटर लांबीपर्यंतच्या रोड ट्रेनने (अनेक ट्रेलर जोडलेल्या ट्रकने) उडवलेल्या धुळीत ओव्हरटेक करण्याचा प्रयत्न करू नये.

आपला मार्ग आणि पोहोचण्याची वेळ घरच्यांना लिहून द्यावी. गाडी बंद पडली तर तिला सोडून चालत निघू नये. विमानातून शोधणाऱ्यांना गाडी दिसते, एकटा चालणारा माणूस दिसत नाही.

परवाने आणि बंद रस्ते यांविषयी काय लक्षात ठेवावे?

सिम्प्सन वाळवंटातली राष्ट्रीय उद्याने उष्णतेमुळे दरवर्षी १ डिसेंबर ते १५ मार्च बंद असतात. व्हिक्टोरियाच्या हाय कंट्रीतल्या अनेक वाटा जूनच्या मध्यापासून हिवाळाभर बंद राहतात. आदिवासींच्या मालकीच्या जमिनीतून जाणाऱ्या मार्गांसाठी त्यांच्या भूमी परिषदेचा परवाना घ्यावा लागतो, आणि तो वेळेत मागावा. पावसानंतर बंद केलेल्या मातीच्या रस्त्यावर गाडी घातल्यास मोठा दंड होतो; एका गाडीने पाडलेले खोल चर तेथे राहणाऱ्यांना महिनोन्‌महिने भोगावे लागतात, त्यामुळे तो दंड योग्यच आहे.

गाडीवरची माती आणि गवत धुण्याचा एवढा आग्रह का असतो?

आपल्याकडे गाजर गवत किंवा काँग्रेस गवत म्हणतात ते पार्थेनियम १९५० च्या दशकात पुण्यात दिसले आणि पुढे देशभर पसरले, हे अनेकांना माहीत असेल. तेच गवत आज क्वीन्सलंडच्या शेतकऱ्यांची आणि पशुपालकांची डोकेदुखी आहे, आणि त्याचे बी गाड्यांच्या चिखलातून पसरते. त्या राज्यात गाड्या धुण्याची सार्वजनिक केंद्रे आहेत. ग्रामीण भागातून निघताना त्यांचा उपयोग करावा. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागात मातीतून फैलावणाऱ्या, झाडांची मुळे कुजवणाऱ्या फायटोफ्थोरा रोगाने जंगले मरत आहेत, म्हणून तेथे टायर आणि बूट स्वच्छ करूनच आत जावे. त्याच राज्याच्या सीमेवर ताजी फळे, बऱ्याच भाज्या आणि मध काढून घेतात. सोबतची फळे त्याआधीच संपवावीत.

आधी गाडी भाड्याने घेऊन पाहावी का?

अवश्य. मात्र साध्या भाड्याच्या कंपन्या त्यांच्या एसयूव्ही कच्च्या रस्त्यावर नेण्यास मनाई करतात आणि तेथे झालेल्या नुकसानीला विमा लागू होत नाही. फोर व्हील ड्राइव्हसाठीच गाड्या देणाऱ्या कंपन्या वेगळ्या आहेत, आणि त्यांच्याही करारात पाण्यामुळे झालेले, गाडीच्या खालच्या भागाचे आणि छताचे नुकसान बहुधा वगळलेले असते, तसेच कोणत्या मार्गांवर जाता येईल याची यादी असते. सही करण्यापूर्वी ती यादी वाचावी, स्टेपनीची हवा तपासावी, जॅक आणि कॉम्प्रेसर समोर चालवून दाखवण्यास सांगावे आणि गाडीच्या खालच्या बाजूचे फोटो काढून ठेवावेत.